आत्याचं ठिगळ : सर्जनशीलता, कल्पकता की आणखी काही?

एक नेमका शब्द हवा आहे. परवा आत्यानं माझ्या शर्टाच्या कोपराला ठिगळ लावलं. चौकोनी तुकडा लावून मोकळी झाली असती, पण तिनं तो पानाच्या आकाराचा कापला आणि उलट्या टिपेनं त्यावर शिरा उठवल्या. त्यावर लिहायला बसलो तर ‘दैनंदिन जीवनातील सर्जनशीलता’ एवढंच सुचलं. ठिगळापेक्षा शब्द जड! शिवाय सर्जनशीलता बरोबर की सृजनशीलता?

—

आधी व्याकरण. ‘सृज्’ धातूपासून नाम होतं ‘सर्जन’. विसर्जन, उत्सर्जन आपण सहज म्हणतो, ‘विसृजन’ कुणी म्हणत नाही. ‘सृजन’ हिंदीत रूढ आहे आणि आपल्याकडेही आता सर्रास दिसतं, पण मी ‘सर्जन’च लिहितो.

तुमच्या ठिगळाला मात्र मी ‘कल्पकता’ म्हणेन. कल्पना, संकल्प, कल्पक हे सगळे ‘कॢप्’ धातूचे, आणि त्या धातूच्या अर्थात जुळणं, योग्य होणं आहे. फाटकं कोपर, उरलेली चिंधी, हाताशी असलेला दोरा यांचं जुळवून आणणं म्हणजे तेच की! ‘कसब’ वेगळं. तो अरबी शब्द, मूळ अर्थ कमाई. टीप सरळ येते ते वर्षानुवर्षं कमावलेलं कसब. पान करावंसं वाटलं ती कल्पकता.

आणि ‘कला’ म्हणायलाही कचरू नका. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत गायन, नृत्य, चित्र आहेतच, पण त्याच यादीत अंथरूण घालणं (शयनरचन), हार गुंफणं, कोडी घालणं आहे. सुईकामही आहे, ‘सूचीवानकर्म’ नावानं. तुमच्या आत्या रीतसर त्या यादीत बसतात.

—

‘निगुतीनं’ हा शब्दही आठवला. पण त्यात जपून, नीट करणं आहे, नवं काही नाही. ‘हौस’ जास्त जवळची वाटते.

—

आत्यालाच विचारलं. म्हणाली, “अरे, कापता कापता पान सुचलं.” मला वाटतं, शब्द हाच. मराठीत आपण ‘मी सुचलो’ म्हणत नाही, ‘मला सुचलं’ म्हणतो. करणारा बाजूला राहतो आणि गोष्ट त्याच्याकडे चालत येते. सर्जनशीलतेत हे कुठे आहे? अडचण एवढीच की याचं चांगलं नाम नाही. ‘सूचना’ म्हणावं तर ती कधीच फलकावर जाऊन बसली.