विजेशिवाय ओढ्याचं पाणी वर चढवायचंय, रॅम पंप घ्यावा का?

बांधावरची: नमस्कार मंडळी. शेताखालून बारमाही ओढा वाहतो. पाणी 36 फूट वर हवंय. वीज नाही, डिझेल परवडत नाही. ओढ्याच्याच जोरावर चालणारा रॅम पंप भरवशाचा आहे का? कोणता घेऊ?

उतारमाप: भरवशाचा आहे. गरम हवेचं बलून उडवणाऱ्या जोसेफ मोंगोल्फिए यांनी 1796 मध्ये तो फ्रान्समध्ये केला, तत्त्व आजही तेच. पाइपातून वेगात उतरणारं पाणी झडप आपटून बंद करतं. अडलेल्या पाण्याचा दाब एकदम चढतो, थोडं पाणी दुसऱ्या झडपेतून हवेच्या भांड्यात शिरतं आणि तिथून वर जातं. दाब ओसरला की पहिली झडप आपसूक उघडते. मिनिटाला साधारण 40 ते 60 ठोके, रात्रंदिवस.

कोणता घ्यायचा ते नंतर. आधी बादली लावून मिनिटाला किती लिटर मिळतं ते मोजा आणि पंपाच्या जागेपर्यंत उतार किती ते बघा. समजा 60 लिटर आणि 6 फूट उतार. 36 फूट म्हणजे उताराच्या सहापट उंची, म्हणून तिथे पाण्याचा सहावा हिस्सा, 10 लिटर पोचायला हवं, पण 60 टक्के कार्यक्षमता धरली तर 6 लिटर. दिवसाला 8,640 लिटर!

बांधावरची: म्हणजे बाकीचे 54 लिटर वाया?

उतारमाप: वाया कसे? ते परत ओढ्यातच जातात, खालच्यांना मिळतात.

गाळणी: ताई, पंपाकडे येणारा पाइप लोखंडीच घ्या, इथे काटकसर नको. पीव्हीसी फुगतो आणि ठोक्याचा जोर खातो. लांबी उताराच्या पाचेकपट ठेवा. तोंडाला जाळी हवीच, एक पान झडपेत अडकलं तरी पंप बंद.

आणि हवेच्या भांड्यावर लक्ष ठेवा. त्यातली हवा पाण्यात विरघळून संपते. मग ठोका टणटण वाजायला लागतो, पाइप हादरतात. अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब भांड्यात कोंबली की ही कटकट बरीच कमी होते.

चक्रधर: ओढा वाहता आहे पण उतारच नाही, असं निघालं तर रॅमच्या नादी लागू नका. वाहत्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला पाइपाची वेटोळी बांधलेला सर्पिल पंप बघा.

बांधावरची: उद्याच बादली घेऊन जाते. सुरू करताना काही वेगळं करावं लागतं?

गाळणी: पहिली झडप हातानं दाबत राहा. वरच्या पाइपात पुरेसं पाणी चढलं की ती स्वतःच ठोके धरते. मग हात काढा.