भाषाशास्त्रात पीएचडी: कोर्सवर्क संपलं, पुढचे टप्पे कसे आखावेत?

पडवी
कोर्सवर्कचा निकाल लागला, ५५ टक्क्यांची अट पार झाली. पहिली आरएसी (संशोधन सल्लागार समितीची बैठक) दोन महिन्यांवर आहे. विषय: दक्षिण सोलापूरच्या मराठीत भूतकाळी क्रियापदाचा सुसंवाद (क्रियापद कर्त्याशी जुळतं की कर्माशी), म्हणजे 'मी काम केलं'च्या जागी 'मी काम केलो' कुठे, कोण आणि किती म्हणतं. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) चालू आहे. नियमाने कोणते टप्पे कधी येतात? पेपर छापणं सक्तीचं आहे का? आणि फील्डवर्क आरएसीच्या आधी सुरू करावं की नंतर?

टाचण
नियमांचं आधी सांगतो. तुम्हाला युजीसीचे ७ नोव्हेंबर २०२२चे नियम लागू आहेत असं धरतो. कमीत कमी ३ वर्षं, कोर्सवर्क धरून. जास्तीत जास्त ६ वर्षं, तीही प्रवेशाच्या तारखेपासून. इथे बरेच जण चुकतात, कोर्सवर्क संपल्यापासून मोजतात आणि शेवटी वर्ष कमी पडतं. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २, म्हणजे एकूण १० पर्यंत. मातृत्व किंवा बालसंगोपनाची २४० दिवसांची रजा वेगळी.

आरएसीसमोर दर सेमिस्टरला सादरीकरण करावं लागतं. प्रत्येक वेळी समितीने दिलेल्या सूचना लेखी, सह्यांसकट मागून घ्या. पुढे विषयाचं शीर्षक बदलायचं झालं तर तोच कागद उपयोगी पडतो.

पेपरचं: २०१६च्या नियमांत एक शोधनिबंध आणि दोन परिषदांची अट होती, २०२२मध्ये ती काढली. पण विद्यापीठाच्या स्वतःच्या अध्यादेशात अट ठेवलेली असू शकते. तो मुळातून वाचा, सीनियरच्या सांगण्यावर राहू नका.

जेआरएफचा एक टप्पा स्वतंत्र आहे. २ वर्षांनी तीन सदस्यांची समिती काम तपासते आणि मग एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्ती, मिळते (महिना ३७,००० चे ४२,०००). ती बैठक आपोआप लागत नाही. दीड वर्ष झालं की विभागात अर्ज द्या.

कानसेन
फील्डवर्क आरएसीनंतर, पण चाचणी मात्र आधी. दोन गावं, चार माणसं, तीन दिवस एवढं केलंत तरी प्रश्नावली कुठे फसते ते कळतं. आरएसीला उदाहरणं घेऊन गेलात की चर्चा शीर्षकावर अडत नाही. मात्र एथिक्स समितीची परवानगी चाचणीलाही लागते का, ते विभागात आधी विचारून घ्या. परवानगीआधीचं रेकॉर्डिंग प्रबंधात वापरता आलं नाही तर फार जीव जळतो.

तुमच्या विषयात फसायची मुख्य जागा म्हणजे लिंग. 'तो आंबा खाल्ला' हे वाक्य मिळालं, तर 'खाल्ला' हे रूप 'तो'मुळे आलं की 'आंबा'मुळे, सांगता येत नाही. दोन्ही पुल्लिंगी. म्हणून कर्ता आणि कर्म नेहमी वेगळ्या लिंगांचे घ्या: 'तो भाकरी खाल्ला' आलं की संशय उरत नाही, कारण कर्माशी सुसंवाद असता तर 'खाल्ली' आलं असतं. शिवाय 'ने/नं' लागतो की नाही आणि क्रियापद कोणाशी जुळतं, या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत नोंदवा. एक बदलते तेव्हा दुसरी बदलतेच असं धरून चालू नका. द्वितीयपुरुष तर स्वतंत्रच ठेवा, कारण 'तू काम केलंस'मधला 'स' प्रमाण मराठीतही कर्त्याकडूनच येतो. तो मोजणीत मिसळला की आकडे फुगतात.

'हे तुम्ही कसं म्हणता?' असं विचारू नका. समोर रेकॉर्डर असला की माणूस शाळेतली मराठी काढतो, 'केलं' म्हणतो, आणि चहा पिताना 'केलो' म्हणतो. छोट्या चित्रफिती दाखवून 'काय झालं?' विचारा. त्यात प्रथमपुरुष मिळत नाही, त्यासाठी 'काल सकाळपासून काय काय केलं' हे सांगायला लावा. प्रश्नातला 'केलं' उत्तरात उतरतो, म्हणून प्रश्न 'कालचा दिवस सांगा' असा ठेवलेला बरा.

आता वेळेचा हिशेब. ३ गावं, स्त्री-पुरुष, दोन वयोगट, प्रत्येकी ३ माणसं म्हणजे ३६ मुलाखती. ४० मिनिटांच्या धरल्या तर २४ तास. एका तासाचं नीट लिप्यंतर आणि भाषांतर करायला ३५ तास धरा. झाले ८४० तास, रोज ५ तास बसलात तरी १६८ दिवस. एवढं करू नका. ६ तासांचं पूर्ण लिप्यंतर करा, बाकीच्यात फक्त भूतकाळी सकर्मक वाक्यं ईलानमध्ये (ध्वनिफितीवर नोंदी करायचं सॉफ्टवेअर) खुणा करून वेगळी काढा. आरएसीला वेळापत्रक देताना हाच हिशेब दाखवा. 'डेटा संकलन: ६ महिने' एवढ्यावर समितीचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

लिप्यंतर आयपीएत (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत) करा. देवनागरीत 'जग' (दुनिया) आणि 'जग' ('जगणे'चं आज्ञार्थी रूप) एकच दिसतात, 'ज' मात्र दोन आहेत. तुमचा विषय वाक्यरचनेचा असला तरी तोच डेटा उद्या कोणी ध्वनीसाठी उघडेल.

रेकॉर्डिंग वेव्हमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो: तासाला साधारण ५०० एमबी. एमपी३ नको. आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय बंद ठेवा आणि पंखाही बंद करायला सांगा. त्याच रात्री तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा घरी.

पडवी
भाकरीचं उदाहरण फार उपयोगी पडलं. माझ्या प्रश्नावलीत निम्मी कर्मं पुल्लिंगी आहेत, ती बदलतो. जुना डेटा तुलनेला कुठे मिळेल?

कानसेन
ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा ७वा खंड (१९०५) मराठीचा आहे. पण त्यातले नमुने बहुतेक एकाच गोष्टीची भाषांतरं आहेत, त्यावरून प्रमाण किती ते काढू नका. आधुनिक डेटासाठी डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेचं बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन खुलं आहे. गाव निवडण्याआधी ते बघाच.

दीड इंच मार्जिन
शेवटच्या टप्प्याचं आत्ताच ठरवावं लागतं, म्हणून लिहिते. प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांचा ऑनलाइन खुला संग्रह) जातो, म्हणजे सगळ्या जगाला दिसतो. परिशिष्टात माहितीदारांची नावं, गाव आणि जात एका ओळीत छापली की तीही जगाला दिसतात. पहिल्या दिवसापासून सांकेतिक क्रमांक वापरा (गाव–लिंग–वयोगट–क्रमांक) आणि नावांची वही वेगळी, कुलपात. संमतीपत्रात रेकॉर्ड करणं, प्रबंधात उद्धृत करणं आणि ध्वनिफीत संग्रहात ठेवणं या तीन वेगळ्या संमती घ्या. वाचता न येणाऱ्यांची तोंडी संमती रेकॉर्डरवरच घ्या.

साम्य-तपासणीत (सॉफ्टवेअरने केलेली वाङ्मयचौर्याची तपासणी) युजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा सादर करायला ६ महिन्यांपर्यंतची मुदत मिळते. भाषाशास्त्राच्या प्रबंधात खोटं साम्य येतं ते प्रश्नावलीतून आणि व्याकरणाच्या ठरावीक परिचयातून. प्रश्नावली परिशिष्टात ठेवा, 'मराठी ही इंडो-आर्यन कुळातली भाषा' छापाची पानं कमी करा.

आणि सगळं युनिकोडमध्येच टाईप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेला मजकूर सॉफ्टवेअरला रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, तपासणी निरर्थक ठरते आणि प्रमाणपत्र अडतं. आयपीएसाठी डुलोस किंवा कॅरिस हे फाँट घ्या. प्रत्येक उदाहरणाच्या खाली फाईलचं नाव आणि मिनिट-सेकंद टाका. वायवात (तोंडी परीक्षेत) बहिःस्थ परीक्षक 'हे वाक्य ऐकवा' म्हणू शकतात.