ट्वेल्थ नाईटचा 'फॅक्ट अँड फिक्शन' : हा अल्बम इतकी वर्षं कुठे लपला होता?

चहात_पाव
मंडळी, आधी कबुली, मग प्रश्न. मी सहा वर्षं रेडिंगला राहतोय, इंग्लंडातलं रेडिंग, लंडनहून ट्रेनने अर्ध्या तासावर, आणि स्वतःला निओ-प्रॉगचा (म्हणजे ऐंशीच्या दशकातलं, लांबलचक गुंतागुंतीच्या रचनांचं प्रोग्रेसिव्ह रॉक) किडा म्हणवून घेतो. मॅरिलियन, आयक्यू, पेंड्रॅगन या बँडचं सगळं पाठ. मागच्या शनिवारी बायकोला पडदे बघायचे होते म्हणून एका चॅरिटी शॉपमध्ये गेलो, ती पडद्यांकडे आणि मी सवयीने सीड्यांच्या खोक्याकडे. वर सगळा ख्रिसमसच्या गाण्यांचा गाळ, आणि तळाशी ट्वेल्थ नाईट या बँडचा हा अल्बम, एक पौंडाला. मूळ 1982 चा, माझ्या हाती लागला तो 2002 चा रीइश्यू. नाव कुठेतरी वाचलं होतं पण कधी ऐकायची बुद्धी झाली नव्हती.

घरी आल्यावर कांदा चिरता चिरता लावला. पहिलंच गाणं 'वुई आर सेन', दहा मिनिटांचं. सुरुवातीला अगदी बारीक, लहान पोरासारखा आवाज, मला वाटलं सीडी खराब निघाली, पुसायला उठणार तेवढ्यात अख्खा बँड अंगावर आला आणि तोच माणूस असा काही ओरडायला लागला की सुरी हातात तशीच. डोळ्यांत पाणी कांद्याचंच होतं म्हणा, पण तरी.

मग बुकलेट वाचलं तर कळलं की बँड याच गावचा! इथल्या युनिव्हर्सिटीतली पोरं. मी रोज त्या बाजूने बसने जातो राव.

तर प्रश्न असा, एवढा चांगला अल्बम असा कोपऱ्यात का पडला? आणि याच्यापुढे यांचं काय ऐकू? अजून एक, कीबोर्डचा आवाज मला जरा किरकिरा वाटतोय, तो तसाच आहे की माझे स्पीकर गेलेत?

गिरगावचा_बासवाला
स्पीकर ठीक आहेत तुमचे, तो तसाच आहे. त्याचं कारण ऐका. बँडचा कीबोर्डवाला रिक बॅटर्सबी तेव्हा सोडून गेलेला, त्यामुळे बास वाजवणाऱ्या क्लाइव्ह मिटननेच कीबोर्डही वाजवले. पाठीशी मोठी कंपनी नाही, रेकॉर्ड स्वतःच काढली. आता तारखा बघा, 1982 च्या शेवटी हा अल्बम आला आणि मार्च 1983 मध्ये ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीने मॅरिलियनचा 'स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर' काढला, तो थेट इंग्लंडच्या चार्टवर सातवा. दोन्ही बँड लंडनच्या मार्की क्लबात वाजवणारे, पण एकाच्या पाठीशी ईएमआयचा पैसा आणि दुसऱ्याच्या पाठीशी आपापल्या आईवडलांचा आशीर्वाद, मग दुकानात कोण दिसणार ते काय सांगायला हवं?

आम्हाला तर इथे मुंबईत हे नावच माहीत नव्हतं. ऱ्हिदम हाऊस या रेकॉर्डच्या दुकानात तासन् तास उभं राहायचो मी, मॅरिलियनच्या 'मिसप्लेस्ड चाइल्डहूड'ची कॅसेट एका मित्राच्या मामाने दुबईहून आणली तेव्हा आम्ही पाच जणांनी तिच्या कॉप्या केल्या होत्या. ट्वेल्थ नाईट मी ऐकला थेट पन्नाशीत, इंटरनेटवर.

आणि तो ओरडणारा माणूस जेफ मॅन. अल्बमचं कव्हरही त्यानेच रंगवलंय.

लिंबू_सरबत
मी जरा विरजण घालतो हं, रागावू नका. मला हा अल्बम अर्धाच आवडतो. ड्रम पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखे, आणि मॅनसाहेब गातात कमी, भाषण करतात जास्त. 'फॅक्ट अँड फिक्शन' हे गाणं तर सरळ त्या काळचं सिंथ-पॉप, म्हणजे सिंथेसायझरवरचं पॉप आहे, प्रॉग कुठून आलं त्यात? पुढच्याच वर्षी आलेला आयक्यूचा 'टेल्स फ्रॉम द लश अ‍ॅटिक' ऐका, तिथेही पैसे नव्हतेच की, पण कीबोर्ड कसा भरून येतो. अमुक अल्बम कुणाला माहीत नाही म्हणून तो लगेच ग्रेट, ही आपल्या लोकांची जुनी खोड आहे.

यातलं 'क्रीपशो' हे गाणं मात्र सोडून बोलतोय, त्याला हात लावायची माझी टाप नाही.

गिरगावचा_बासवाला
सरबतराव, ड्रमचं मान्य. पण भाषणाचं नाही. मॅरिलियनचा गायक फिश काय किंवा आयक्यूचा पीटर निकल्स काय, त्यांच्या गाण्यात एक पात्र असतं, तोंडाला रंग लावलेलं. मॅन तसा मुखवटा न घालता समोर येतो, म्हणून तो अंगावर येतो. आणि काळ कुठला ते बघा, थॅचरबाईंचं राज्य, फॉकलंडचं युद्ध नुकतंच संपलेलं, रेडिंगहून फार लांब नाही त्या ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर अमेरिकन क्षेपणास्त्रं येणार म्हणून बायका तंबू ठोकून बसलेल्या. अशा वेळी राजे आणि परीकथा गात बसायचं? त्या गाण्याला सिंथ-पॉपचा तो थंड, यंत्रासारखा ठेकाच शोभतो. याच अल्बममधल्या 'द पोएट स्निफ्स अ फ्लॉवर' वर मात्र तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. त्यात गाणं नाही, नुसतं वादन, हळूच सुरू होऊन शेवटी अँडी रेव्हेलची गिटार जी सुटते त्याला पत्र्याचा डबा म्हणून दाखवा.

लिंबू_सरबत
बरं बरं, अर्धा नाही, पाऊण आवडतो.

सोलापुरी_चादर
पुढे काय ऐकायचं ते कुणी सांगितलंच नाही म्हणून मी लिहिते. त्यांचा 'लाइव्ह अँड लेट लिव्ह' हा लाइव्ह अल्बम घे. मॅनने बँड सोडला तेव्हाचे निरोपाचे कार्यक्रम, मार्की, नोव्हेंबर 1983. बॅटर्सबी परत आलेला, म्हणजे जो भरीव कीबोर्ड तू शोधतोयस तो इथे आहे, 'वुई आर सेन' पण आहे. आणि त्यातलं 'सिक्वेन्सेस' ऐकशील तेव्हा घरात कुणी नसलेलं बरं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या पोराची गोष्ट आहे. गंमत म्हणजे ती रचना आधी बिनशब्दांची होती, मॅन आल्यावर त्याने तिच्यात शब्द घातले. बिनशब्दांची ऐकायची असेल तर 1981 चा 'लाइव्ह अ‍ॅट द टार्गेट' आहे, तो तुझ्याच गावातल्या पबमध्ये रेकॉर्ड केलाय.

मॅन पुढे चर्चमध्ये पाद्री झाला आणि 1993 मध्ये कॅन्सरने गेला, चाळिशीही गाठली नाही. हे कळल्यावर अल्बममधलं शेवटचं 'लव्ह साँग' परत लाव. मी आधी त्याला गोडगोड म्हणून सोडून द्यायचे.

चहात_पाव
सगळ्यांना थँक्यू! काल रात्री 'लव्ह साँग' परत ऐकलं, बासवाला काका आणि चादरताई, तुमचं दोघांचं बरोबर. 'क्रीपशो' हेडफोनवर ऐकलं, बारा मिनिटं जवळपास, त्यात मॅन वाटाड्यासारखा आपल्याला आत आत नेत राहतो, आणि मध्ये मी चक्क खोलीचा दिवा लावला. 'लाइव्ह अँड लेट लिव्ह' मागवलाय, एक पौंडात नाही मिळाला अर्थात.

आता टार्गेट पब नक्की कुठे होता ते शोधायचंय. बायको म्हणते आधी पडदे. शनिवारी ते घ्यायचे राहूनच गेले होते.