प्रश्न फक्त शिस्तीचा नव्हता

'आपल्या लोकांना शिस्तच नाही, म्हणून कोरोनात अंतर पाळलं गेलं नाही' हे वर दोन-तीन जणांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. 2020 ची आषाढी वारी आठवा. लाखोंची पायी वारी रद्द झाली, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला गेल्या, आणि लोकांनी ते मानलं. कारण सरकारने आधी संस्थानांशी, पालखी सोहळा प्रमुखांशी बसून चर्चा केली होती. आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्यांना टीव्हीवरचं आवाहन पटलं नव्हतं. पण दिंडीत वीणा घेऊन चालणाऱ्या मानाच्या विणेकऱ्यांनी 'यंदा घरीच हरिपाठ' म्हटल्यावर कुणी हट्ट धरला नाही. 1897 च्या प्लेगात पुण्यात याच्या नेमकं उलट घडलं: गोरे सैनिक थेट घरात शिरले आणि लोक आजारी माणसं लपवू लागले.

म्हणजे प्रश्न विश्वासाचा होता. अर्थात नुसत्या विश्वासाने पोट भरत नाही. 14 एप्रिल 2020 ला लॉकडाउन वाढल्याचं जाहीर झालं आणि त्याच दुपारी वांद्रे स्टेशनबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची गर्दी उसळली. हाताला काम नाही, एका खोलीत आठ-दहा जण राहतात, त्यांनी सहा फूट अंतर ठेवायचं तरी कुठे? त्यांना बेशिस्त म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.