मदत हवी आहे: अमेरिकेतल्या 'एन्सीका' सिरॅमिक परिषदेला जाताना काय न्यावं?

मार्चमध्ये एन्सीकाला जायचं ठरतंय. छोटा स्टुडिओ, गॅसची भट्टी, १२८० अंशांच्या आसपास रिडक्शन स्टोनवेअर (कमी ऑक्सिजनमध्ये भाजलेली घट्ट मातीची भांडी). भांडी किती न्यावीत? ग्लेझची (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाची) पावडर बॅगेत चालते का? आणि विक्रेत्यांच्या दालनातून कुंभाराचं इलेक्ट्रिक चाक घ्यावं का?

प्रतिसाद १
दोन-तीन मग न्या, ओळख झाली की देता येतात. टूरिस्ट व्हिसावर विक्रीचा माल मात्र नेऊ नका. मगाच्या आत कागद ठासा, कानाच्या पोकळीत फोम भरा, मग गुंडाळा. बहुतेक मग कानाच्या जोडावरच तुटतात.

खरा उपयोग टेस्ट टाइल्सचा, म्हणजे ग्लेझ लावून बघायच्या मातीच्या छोट्या तुकड्यांचा. 'एल' आकाराच्या करा, म्हणजे ग्लेझ किती ओघळतं ते उभ्या बाजूवर दिसतं. मागे आयर्न ऑक्साइडने नंबर आणि कोन (भट्टीत ठराविक उष्णतेला वाकणारा मातीचा सुळका, त्याचा क्रमांक) लिहा, भाजणीतही तो पुसला जात नाही. सोबत टक्केवारीतली रेसिपी आणि तुमच्या फेल्डस्पारचं (ग्लेझ वितळायला मदत करणाऱ्या खनिजाचं) केमिकल अ‍ॅनालिसिस हवंच. ते नसेल तर समोरचा कुंभार त्याच्याकडचा फेल्डस्पार घालून बघणार. त्यात सोडियम जास्त निघालं की ग्लेझचं प्रसरण वाढतं आणि क्रेझिंग होतं, म्हणजे ग्लेझला बारीक तडे जातात. मग रेसिपीलाच दोष लागतो.

'१२८०' एवढं सांगून तिथे कुणाला काही कळणार नाही, कोन सांगा. शेवटच्या टप्प्यात तापमान ताशी ६० अंशांनी वाढवलं तर ऑर्टन कंपनीचा मोठा कोन १० साधारण १२८५ ला वाकतो. ताशी १५० ने वाढवलं तर त्याहून वर. त्यामुळे वेगही लिहून ठेवा.

पावडर शक्यतो नकोच. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असेल तर वेगळी तपासणी होते, आणि लेबल नसलेली पांढरी पिशवी म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. सुई, कापायची तार, स्टीलच्या रिब्ज (भांड्याला आकार द्यायच्या पट्ट्या) चेक-इन बॅगेत टाका.

प्रतिसाद २
चाक घेऊ नका. तिथला पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. फक्त १२० चं चाक आपल्या २३० वर लावलं की कंट्रोलरचं बोर्ड जळतं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, आपल्याकडचे ५० तसेच राहतात. साधी इंडक्शन मोटर असेल तर ती सहाव्या भागाने हळू फिरते. शिवाय वजनाचं भाडं वेगळं. त्यापेक्षा स्वतः उभे राहणारे कोन आणि चांगली ट्रिमिंगची (अर्धवट सुकलेलं भांडं तासायची) हत्यारं घ्या.

शहरभर गॅलऱ्यांमध्ये प्रदर्शनं असतात, त्यांना एक अख्खा दिवस ठेवा. व्याख्यानं एकाच वेळी अनेक चालतात, आधीच निवडून ठेवा. प्रात्यक्षिकांत मधेच जाऊन बसलं तरी चालतं.

धागाकर्ती
खूप आभार! टाइल्स एकमेकींवर रचल्या तर चालतील का?

प्रतिसाद १
आडव्या नकोत, उभ्या लावा. मधे पुठ्ठा घाला, नाहीतर खालच्या कडेची खरखरीत माती शेजारच्या मॅट ग्लेझवर ओरखडे पाडते. आणि प्रत्येक टाइलचा फोटो नंबरासकट मोबाइलमध्ये ठेवा.