मदत हवी आहे: कंपनीतल्या जपानी वर्गाचा अहवाल कसा लिहायचा?

नमस्कार मंडळी. चाकणच्या एका कारखान्यात मी एचआरमध्ये आहे. आमच्या इंजिनीअर लोकांसाठी बाहेरच्या संस्थेकडून जपानी वर्ग चालतो. आता साहेबांना त्याच्या दर्जाचा अहवाल हवाय. संस्थेने हजेरीपट आणि 'सर छान शिकवतात' छापाचे फीडबॅक फॉर्म पाठवलेत. प्रशिक्षणाचा उपयोग मोजायच्या किर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्यांत ही फक्त पहिली पायरी: आवडलं की नाही. शिकले किती, कामात वापरतात का, कंपनीला फायदा काय, हे कोरंच.

जेएलपीटीचा (जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेचा) निकाल जोडावा म्हटलं, तर त्यात बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षाच नाही. शिवाय एन-४ ला (त्यातली खालून दुसरी पातळी) एकूण १८० पैकी ९० हवेत, पण ऐकण्यात ६० पैकी १९ मिळाले तरी भागतं. आमचं तर सगळं अडतं ते जपानी साहेबांच्या फोनवर!

कोणी कामावरचंच बोलणं तपासलंय का? म्हणजे दोष समजावून सांगणं, तारीख पुढे ढकलायची विनंती, असं काही? गुण कोणी द्यायचे, शिक्षकांनी की बाहेरच्या माणसाने? वर्ग सुरू होण्याआधीची चाचणी झालेलीच नाही, मग प्रगती दाखवायची कशी? तुमच्याकडे एखादा नमुना तक्ता असेल तर कृपया टाका.