९०८ ला नवीन एरिया कोड येत नाहीये, मग दहा आकडे कशाला?

मंजिरी_ब्रिजवॉटर
नमस्कार मंडळी, न्यू जर्सीतल्या ९०८ एरिया कोडवाल्यांना विचारायचंय. फोन कंपनीच्या बिलाबरोबर चिठ्ठी आलीय की २४ ऑक्टोबर २०२१ पासून गावातल्या गावात फोन लावतानाही आधी एरिया कोड लावायचा, नुसते सात आकडे दाबले तर लागणार नाही. माझी नणंद प्लेन्सबरोला असते, त्यांच्याकडे २०१८ ला असंच झालं होतं पण तेव्हा ६०९ च्या जोडीला ६४० हा नवीन कोड आला होता. आमच्याकडे तसलं काही ऐकलं नाही, मग हे कशासाठी? सासू-सासरे आमच्याकडेच असतात, दोघंही लँडलाइनच वापरतात आणि बाबांना शेजारपाजारचे, देवळातल्या मंडळींचे नंबर सात आकडी पाठ आहेत. ते सारखं विचारतायत की आपला नंबर बदलणार का आणि लोकल कॉलला आता जास्त पैसे पडणार का. मला काळजी वेगळीच आहे, सासूबाईंच्या गळ्यात इमर्जन्सीचं बटण आहे ते लँडलाइनवरूनच फोन लावतं, घराचा अलार्मही जुना आहे. हे सगळं चालू राहील ना? कस्टमर केअरला फोन केला तर त्यांनी तीच चिठ्ठी परत वाचून दाखवली.

तारायंत्र
मंजिरीताई, आधी बाबांना सांगा की नंबर बदलत नाही आणि पैसेही वाढत नाहीत, लोकल कॉल लोकलच राहतो, फक्त आधी ९०८ दाबायचं. तातडीच्या मदतीचा ९११ तीनच आकडी.

आता कारण. तुमच्याकडे नवीन एरिया कोड येत नाहीये, ९८८ येतोय. मानसिक त्रासात असलेल्या, जिवाचं बरंवाईट करून घ्यायच्या विचारात असलेल्या माणसाने फोन करायची जी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे तिचा मूळ नंबर १-८००-२७३-८२५५ असा लांबलचक आहे, त्याच्या जागी ९८८ एवढंच दाबलं की झालं असं करायचं एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, जुलै २०२० मध्ये ठरवलं आणि सगळ्या फोन कंपन्यांना १६ जुलै २०२२ ची मुदत दिली. अडचण अशी की ९०८ मध्ये काही घरांचे नंबरच ९८८ ने सुरू होतात. सात आकडी डायलिंग चालू ठेवलं तर कुणी ९८८ दाबल्यावर एक्सचेंजला कळणार कसं की हा माणूस थांबला की अजून चार आकडे येणारेत? मग काही सेकंद वाट बघत बसावं लागणार, आणि ज्याने मोठ्या मुश्किलीने फोन उचललाय त्याला रिकाम्या लाइनवर ताटकळत ठेवायचं हे मला तरी पटत नाही. सगळ्यांनी आधी एरिया कोड लावला की प्रश्नच मिटतो, सुरुवातीलाच ९८८ आलं म्हणजे हेल्पलाइन. देशभरात असे ८२ एरिया कोड निघाले, न्यू जर्सीत तुमचा ९०८ आणि दक्षिणेकडचा ८५६. एप्रिल २०२१ पासून दोन्ही पद्धती चालतायत म्हणून अजून कुणाला जाणवलं नसेल, २४ तारखेनंतर सात आकडे लावले की रेकॉर्डिंग ऐकू येईल.

बटण आणि अलार्मचं मात्र आजच बघा. ही यंत्रं आत भरून ठेवलेला नंबर स्वतःच फिरवतात. तो ८०० वाला टोल फ्री किंवा एरिया कोडसकट असेल तर काही होणार नाही, पण जुन्या यंत्रात कुणी सात आकडी लोकल नंबर भरून ठेवला असेल तर ते गुपचूप रेकॉर्डिंगला फोन लावत बसेल आणि घरात कुणाला पत्ताही लागणार नाही. दोन्ही कंपन्यांना फोन करून आत कोणता नंबर आहे तो वाचून दाखवायला सांगा, आणि त्यांना कळवून टेस्ट कॉल करा. नुसतं "हो हो चालेल" यावर थांबू नका. फॅक्स, स्पीड डायल, कॉल फॉरवर्डिंग, बिल्डिंगच्या गेटवरचा इंटरकॉम यांचंही तसंच.

एडिसनकर
आम्ही ७३२ वाले २००१ पासून दहा आकडे लावतोय, सवय होते. त्या वर्षी १ डिसेंबरला २०१ वर ५५१, ९७३ वर ८६२ आणि ७३२ वर ८४८ असे तीन कोड एकदम चढवले, म्हणजे त्याच भागात जुन्या कोडबरोबर नवीनही. त्याआधी वेगळा प्रकार होता, कोड संपत आला की प्रदेशाचे दोन तुकडे करायचे आणि एका तुकड्याला नवीन कोड द्यायचा. १९४७ ला अख्ख्या राज्याला २०१ हा एकच कोड होता, मग त्यातून ६०९, १९९१ ला ९०८, १९९७ ला ९७३, आणि त्याच साली ९०८ तोडून आमचा ७३२. तुकडे करण्यात सात आकडे शाबूत राहायचे पण अर्ध्या लोकांचे नंबर बदलायचे, दुकानदारांना पाट्या, लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड सगळं परत छापून घ्यावं लागायचं. त्यापेक्षा जुन्या कोडवरच नवीन कोड चढवलेला बरा असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाचाच नंबर जात नाही. फक्त मग एकाच गल्लीत ७३२ आणि ८४८ दोन्ही, शेवटचे सात आकडे दोघांचे तेच असू शकतात, म्हणून कोड लावण्यावाचून इलाज नाही.

आणि नंबर संपतात कसे असं लोक विचारतात, तर एका एरिया कोडमध्ये जेमतेम ८० लाख नंबर बसतात कारण सातातला पहिला आकडा शून्य किंवा एक चालत नाही. त्यात पूर्वी प्रत्येक कंपनीला प्रत्येक भागासाठी १०,००० चा गठ्ठा द्यायचे, गिऱ्हाईक दोनशे असले तरी. १९९६ च्या टेलिकॉम कायद्यानंतर कंपन्या वाढल्या, फॅक्स, पेजर, मोबाइल आले आणि गठ्ठेच्या गठ्ठे अडकून पडले. नंतर १,००० चे गठ्ठे द्यायला लागले तेव्हा जरा वेग कमी झाला.

शनिवारपेठ
इथे पुण्यात १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर आधी शून्य लावावं लागतं, गावातल्या गावात सुद्धा. त्यामुळे २५४ कोटींच्या वर नवीन नंबर मोकळे होणार म्हणून सरकारने केलं. आमच्या आईला दोन-तीन आठवडे रोज सांगावं लागलं, शेवटी फोनच्या डायरीत प्रत्येक मोबाइल नंबरच्या आधी लाल पेनाने शून्य काढून दिलं तेव्हा जमलं. मंजिरी, तुझ्या सासऱ्यांनाही तसंच करून दे, तोंडी सांगून जुनी बोटं ऐकत नाहीत. पुण्याचा कोड ०२१२ चा ०२० झाला, मग नंबरांच्या सुरुवातीला २ लागला, तेव्हा पण डायरीच कामाला आली होती. एक मात्र लक्षात ठेवा, अमेरिकेतून इकडे लावताना हे शून्य लावायचं नाही, ९१ नंतर थेट मोबाइल नंबर.

मंजिरी_ब्रिजवॉटर
सगळ्यांचे मनापासून आभार. ९८८ चं कारण बाबांना सांगितलं तर म्हणाले मग चालेल, त्यासाठी तीन काय पाच आकडे जास्त लावू. गळ्यातल्या बटणाचा नंबर टोल फ्री आहे, टेस्ट केला, त्यांचा माणूस लगेच बोलला. पण अलार्मच्या आत खरंच सात आकडी नंबर निघाला! कंपनी म्हणते पॅनेल बाहेरून बदलता येत नाही, टेक्निशियन येईल, तारीख मिळालीय ती २४ च्या आधीचीच आहे. अजून एक विचारते, ९०८ च्या आधी १ लावायचा की नाही?

तारायंत्र
लोकलला नको, ९०८ आणि पुढचे सात आकडे पुरे. दुसऱ्या एरिया कोडचा लांबचा कॉल लँडलाइनवरून असेल तर १ लावायचा. टेक्निशियन आला की त्याच्यासमोरच अलार्म वाजवून बघा, पलीकडे सिग्नल पोचला का ते त्याला विचारा आणि मगच त्याला सोडा.